अण्णाचा रबरी जवान

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी निपाणीत शाळेत शिकवत होते. वहिनी एवढंच म्हणाली, "शालन, अण्णा गेला... ये गं." मला रडू यायच्या आधी राग आला. हृदयाने एकदा इशारा देऊनही हा माणूस टेम्पोत हिंदकळत फिरत होता!

माझा हा थोरला भाऊ सैन्यात डॉक्टर. निवृत्त होऊन उचगावला आला तो एक रबरी बाहुला घेऊन. नुसती मान आणि छाती, आत पाण्याने भरलेल्या शिरा. खूप रक्त गेलेल्या जखमीच्या मोठ्या शिरेत सुईने नळी बसवावी लागते. ती सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत मानेत घालावी, की नुसत्या बोटांच्या अंदाजाने, गळ्याखालच्या आडव्या हाडाखाली? धावत्या गाडीत कुठली रीत बरी? हे ताडून बघायला अण्णा बाहुल्याला टेम्पोत आडवा करी आणि टेम्पोवाल्याला बजावी, "खड्डं चुकवू नगंस रं." आमच्या रस्त्यावर हे वेगळं सांगावं लागत नाही. गल्लीतल्या बायका म्हणत, "डाक्तर लई शिकलं, डोकं फिरलं." मी हसायची. वहिनी हसत नसे. असाच एक जखमी जवान धावत्या गाडीत अण्णाच्या हातांत दगावला होता, शीर सापडली नाही म्हणून.

सुरुवातीला बाहुल्यावर दोन्ही रीती जमत. एकदा अण्णा भरल्या ताटावरून उठला. "शालन, ह्याच्या शिरा कायम टम्म! रगत गेलेल्या माणसाची शीर चपटी पडतीया गं." त्याने आतलं पाणी कमी केलं. आता पडद्यावर शीर दिसे, अंदाजाने मात्र सुई चुके.

"मग मशीन बरं. झालं की," मी म्हटलं.

"तवा मशीन न्हवतं."

"न्हवतं, तर तुझी चूक कशी?"

तो हात धुवायला गेला... आणि रविवारी टेम्पो पुन्हा दारात.

अण्णा गेल्यावर काही दिवसांनी कॅम्पातल्या एक लष्करी डॉक्टरबाई शिकवायला म्हणून बाहुला न्यायला आल्या. उलटसुलट बघून म्हणाल्या, "सर तुलना करत होते ना? मग मान जवळजवळ नवीच कशी?" हाडाखालच्या रबराची मात्र चाळण झाली होती. उत्तर त्याला केव्हाच मिळालं होतं. तो नुसता त्या जवानापाशी परत जात होता, मशीनशिवाय.

बाईंनी तेवढं रबर बदललं. जुना तुकडा मी मागून घेतला. तो माझ्या टेबलावर असतो. पेपर तपासताना बोट त्यावरून फिरतं आणि मी एकटीच मोठ्याने भांडते, "अण्णा, उतर की आता त्या गाडीतनं."