जावई बंद गटात

ज्या पत्त्यांची मला ओळख पटली नाही, ते सगळे मी एका दुपारी बंद गटात टाकले. त्यांची नावं मीच ठेवली होती.

इकडे तेलुगू मुलखात, गुडीहत्नूरच्या रस्त्यावरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी कॉम्प्युटरचं सगळं बघतो. सगळं म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढण्यापासून फायरवॉलपर्यंत. फायरवॉल हा आमच्या नेटवर्कच्या वेशीवरचा चौकीदार. प्रत्येक मशीनचा आकडी पत्ता त्याला एखाद्या नावानं सांगून ठेवायचा आणि नियमात ते नाव घालायचं: याला सोड, त्याला अडव. कायमचे अडवायचे ते सगळे 'बंद गटात'. शहाणी माणसं 'गेटचा काटा', 'ऑफिसचा प्रिंटर' अशी नावं ठेवतात. मी रुजू झालो तेव्हा अंगात मस्ती होती. प्रिंटरला मी 'मावशी' केलं, कारण एक मागितलं की चार देते. भरलेल्या गाड्या तोलणाऱ्या वजनकाट्याचं मशीन रोज सकाळी मनधरणी केल्याशिवाय सुरू होत नसे, म्हणून ते 'जावई'. पुढे हंगाम गेले नि मी माझेच विनोद विसरलो. साफसफाईत 'जावई' समोर आला तेव्हा, हा कोण टवाळ घुसलाय, म्हणत मी त्याला गचांडी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावरच्या क्लार्कचा फोन आला. वयानं माझ्या वडिलांएवढे, रोज कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो.

"अरे बाबू, वजन दिसून राह्यलं, पन पावती निंगत नाई. काऊन?"

पावतीचा नंबर नेटवर्कवरून येतो, म्हणून मी फायरवॉलमध्ये 'काटा' शोधलं. काही नाही. 'वजन' शोधलं. काही नाही.

"माझ्याकडं सगळं ठीक आहे काका. तुमचंच मशीन बिघडलंय."

काकांनी माझ्यावर विश्वास ठेवला. बाहेर जाऊन कापसाच्या गाड्या घेऊन रांगेत थांबलेल्या लोकांना त्यांनी तेच सांगितलं.

मागच्या हंगामात काटा असाच 'बिघडला' होता, आणि तो दुरुस्त होईस्तोवर कापसाचा भाव उतरला होता. रांगेतला एकही माणूस ते विसरला नव्हता.

पहिली थप्पड मला बंद काचेतून ऐकू आली. खिडकीशी गेलो तर काकांची कॉलर एकाच्या मुठीत होती, दुसरा पाठीत बुक्क्या घालत होता. "दोंगा, दोंगा," असा तेलुगूत गलका चालला होता. दोंगा म्हणजे चोर, हे आमच्याकडे मराठी माणसालाही सांगावं लागत नाही. काट्यावरची गाडी मागे घेतली आणि त्या रिकाम्या लोखंडी फळीवर काकांना पाडलं. लाथा घालायला आणखी माणसं वर चढली, तसा भिंतीवरचा लाल आकडा वाढत गेला. काटा बिचारा चोख वजन करत होता. एकाच्या हातात जॅकची दांडी दिसली, आणि तेव्हा मला बंद गट आठवला.

पण त्यात काट्याचं नाव कोणतं? 'रेडा', 'ठेकेदार', 'पाहुणा', 'जावई'... मी माझीच अक्कल धुंडाळत बसलो, अख्खा गटच उघडावा हे सुचलं नाही, नि तिकडे काका ओरडत होते. नाव सापडेना म्हणजे आकडी पत्त्यानं शोधायचं. तो आकडा काट्याच्या मशीनवर चिकटवलेला होता, आणि मशीन त्या गर्दीच्या पलीकडे.

मी गेलो. शौर्य बिर्य काही नव्हतं. दार उघडून वाकून पळालो.

"हा कोन बे?"

"हाच कॉम्प्युटरवाला. यालेबी घ्या."

कानशिलात बसली. कापसाची वाळलेली पऱ्हाटी पाठीवर मोडली. काट्याच्या केबिनची काच दगडानं फुटून माझ्या मानेवर आली. आकडा पाठ करत मी परत पळालो, पोटात एक लाथ खाऊन एक अंक विसरलो आणि तो वाचायला पुन्हा मागे वळलो. तिथे दुसरी कानशिलात बसली. ती मात्र माझ्या हक्काची होती.

खोलीत शिरून कडी लावली नि आकडा टाकला. एकच नाव वर आलं: जावई. खाली लिहिलं होतं, वापर: बंद गट. मी त्याला काढला, बदल जतन केला. आवारापलीकडे काट्याचा प्रिंटर किंचाळला आणि त्यानं पावती बाहेर टाकली. वर उचललेले हात तिथेच थांबले. जॅकवाल्यानं दांडी खाली ठेवली, आत जाऊन पावती फाडली, वाचली आणि आपल्या टेम्पोकडे निघून गेला. बाकीचेही आपापल्या गाड्यांकडे पांगले. काकांना कोणी हात देऊन उठवलं नाही.

ते स्वतःच उठून माझ्या खोलीत आले. ओठ फाटलेला, शर्टाची एक बाही गायब. मी ओला रुमाल पुढे केला आणि घडलं ते सगळं सांगून टाकलं.

"अन् माह्या मशीनचं नाव काय ठेवलं व्हतं?"

"जावई."

काका माझ्या कचऱ्याच्या डब्यात रक्त थुंकले. माझ्या बायकोच्या डोहाळजेवणाचे लाडू त्यांनी गेल्याच आठवड्यात खाल्ले होते.

"लेकराचं नाव तुया बायकोले ठेवू दे," ते म्हणाले. "तू ठेवशील, अन् उद्या तुलेच सापडनार नाई."