सेक्रमवरची जखम
आज टोपलीच्या तळाशी एक बटाटा सडलेला निघाला आणि त्या वासासरशी मला दिवा गावातल्या आमच्या चाळीतल्या शेजारच्या आजी आठवल्या. मी तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते, शरीराच्या भागांची नावं नुकतीच पाठ केलेली. आजी अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्या सुनेनं मला बोलावलं, "अगं, सासूबाईंच्या पाठीला काहीतरी झालंय, बघ ना जरा." दोन दिवस नळाला पाणी नव्हतं, आणि चादर उचलताच असा गोडसर, कुजका वास आला की माझ्या तोंडात आंबट पाणी सुटलं. मी आमच्या नर्सिंग कॉलेजच्या मॅडमना फोन लावला. "पाठीला म्हणजे कुठे? नाव घेऊन सांग," त्या म्हणाल्या. नाव घ्यायचं तर जवळून बघणं भाग होतं. श्वास रोखून वाकले. "सेक्रमवर. माकडहाडाच्या जरा वर." "सुपरफिशियल की डीप?" जखमेला चिकटलेलं फडकं सोडवलं, तर काळ्या कातडीखाली पिवळा पू आणि आत खड्डाच. "डीप," एवढं बोलून मी ओकारी गिळली. मॅडम म्हणाल्या, "आजच्या आज हॉस्पिटलला न्या." सून रिक्षा बघायला धावली. कुशीवर वळवलेल्या आजींनी मला हळूच विचारलं, "वास येतो ना गं?" "नाही हो आजी." "खोटं नको बोलूस. मला येतो." जखम भरायला पुढे कित्येक महिने लागले. मला किळस अजूनही येते. पण वॉर्डात कुणा पेशंटनं वासाचं तसं विचारलं, तर मी "हो, येतो" म्हणते आणि त्यांच्या खाटेपाशीच थांबते.