भिकूवाचून चालणारी खोली

कुडपणच्या भिकूला महाडच्या बाजारात सगळे ओळखायचे ते कानटोपीवरून. मार्चच्या उन्हात डांबर पाघळायचं आणि हा गडी कानटोपी घालून वांगी निवडायचा. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्याची नोकरी. तिथल्या थंडगार खोलीत सर्व्हरांच्या रांगा होत्या. कंपनीच्या साऱ्या कारखान्यांचं काम त्यांच्यावर चालायचं आणि भिकू त्यांचा राखण्या. एकावर बोजा वाढला की दुसरा चालू करायचा, एखादा तापला की त्याला विसावा द्यायचा.

"माझ्याबिगर त्यांचं पान हलत नाय," असं तो जेवताना बायकोला ऐकवायचा.

"मग भाकरीबी त्यांच्याकडंच खावा," आवडी म्हणायची.

या मोठेपणापायी त्याचे दोन शिमगे हुकले. गावची पालखी उठते तेव्हा पुढचा उजवा खांदा भिकूच्या घराचा. मानकऱ्याला तीन हाका मारायच्या. नाही आला तर त्या वर्षी खांदा शेजारच्या घराचा. लागोपाठ तीन वर्षं नाही आला, तर मान कायमचा तिकडं. शेजारचं घर चुलतभाऊ महिपतचं. दोन शिमगे पालखी उचलून महिपतची मान आताच ताठली होती. आणि दोन हजार पाचचा शिमगा आला तो नेमका मार्चअखेरीला, हिशोबांच्या बोज्याखाली सर्व्हर धापा टाकतात तेव्हा.

नशीब, त्याच सुमाराला आमोद साहेबांनी नवं सॉफ्टवेअर आणलं.

"भिकू, तू जे बघून-बघून करतोस, त्याचे नियम यात घालायचे. पॉलिसी म्हणतात. अमुक झालं तर तमुक करायचं. मग यंत्रणा आपली आपण सांभाळते."

"आनि मी?"

"तू शिमग्याला जा."

भिकूचं तोंड एका बाजूनं हसलं, दुसऱ्या बाजूनं नाही.

साहेबांनी नियम घातला, रिकामा सर्व्हर बंद करायचा. भिकूनं घातला, एक सर्व्हर अडीनडीला कायम जादा चालू ठेवायचा. चाचणीला लावलं, तर कोपऱ्यातला सर्व्हर बंद झाला, चालू झाला, परत बंद. दोन सासवांची सून जशी. एक म्हणते बस, दुसरी म्हणते ऊठ.

"आता यांना क्रम द्यायचा," साहेब म्हणाले. "भांडण लागलं तर कुणाचं ऐकायचं ते."

"म्हंजे पयला मान कुनाचा, ते!" भिकूला लगेच उमगलं. पहिला मान त्यानं अर्थातच आपल्या नियमाला दिला. सर्व्हर गपगुमान चालू राहिला.

शेवटचा नियम त्यानं हट्टानं घालून घेतला. काहीच सुधरलं नाही, तर भिकूच्या मोबाइलवर मेसेज.

कुडपणला रेंज यायची ती फक्त माळाच्या टोकावरच्या कातळावर. शिमग्याच्या दिवशी भिकू सकाळपासून त्या कातळावर चढत-उतरत होता. मेसेज नाही. पुन्हा चढला. नाही. एवढा मोठा बोजा आणि साधी आठवण नाही?

तिकडं सहाणेवर, पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर, खालूबाजा सुरू झाला. गावकर भागोजीनं पहिली हाक मारली. "भिकूच्या घरचा खांदा!"

कोणी नाही. दुसरी हाक झाली. महिपतनं टोपी सारखी केली आणि दांडीला हात लावला.

"हात काढ रे महिपत!" आवडी बायकांतनं ओरडली. "आलंच हायत!"

"कुठं गो वैनी? कातळावर अंडी उबवतोय का?"

सगळी सहाण हसली. आवडीनं पदर खोचला आणि माळाकडं तोंड करून अशी बोंब ठोकली, की शिमग्याच्या बोंबा फिक्या पडल्या. "अवोऽऽ! मशिनी मेल्या नायत! तुमचा मान मराय लागलाय!"

भागोजीनं तिसरी हाक मारायला तोंड उघडलं, पण घसा खाकरण्यात त्यानं जरा जास्तच वेळ घेतला. हाक सुटली तेव्हा भिकू एका पायात चप्पल, हातात मोबाइल असा धुरळा उडवत सहाणेत शिरला होता. महिपतनं हात काढला.

"ये राजा. मशिनी सोडतील तवा ये."

भिकूनं मोबाइल आवडीच्या हातात कोंबला नि दांडीखाली खांदा घातला. पालखी उचलली, नाचली, गुलालानं भिकू लाल झाला. पालखी दारी आल्यावर आवडीनं त्याच्या पायावर पाणी घातलं आणि तोंडाकडं पाहिलं.

"मान ऱ्हायला की. मग सुतक पडल्यागत तोंड का?"

"काय नाय गो," भिकू म्हणाला. "तिकडं कायच बिघडलं नाय."