मालूमावशीचं बसणं

मालूमावशीशी घासाघीस करून जिंकलेलं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय. ठाण्याच्या मार्केटात ती मासळी घेऊन बसते ती लग्नाआधीपासून. आधी तिची आई त्या जागेवर बसायची. मावशीच्याही बुडाखाली पाट, हातात कोयता, आणि शेजारणीच्या सात पिढ्या उद्धरणारं तोंड. तिचा गुडघा पार झिजला, तरी आम्ही छातीठोकपणे सांगायचो की मार्केट सोडायला लावलं तर मावशी आठ दिवसांत मरेल.

म्हणून कल्याणच्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो, तेव्हा तिचा मुलगा जयेश खुर्चीत टेकायच्या आधीच बोलला, "मॅडम, ऑपरेशन नको हां. आई धंद्याशिवाय राहूच शकत नाही." मीही भाचीच्या अधिकाराने मान डोलावली. मावशी गप्प. एवढी तोंडाळ बाई डॉक्टरांपुढे गरीब गाय व्हायची, याचं आम्हाला कधी नवलच वाटलं नाही.

डॉक्टरीणबाई हट्टी निघाल्या. "दुखणं यांचं आहे, यांच्याशी बोलल्याशिवाय मी काही ठरवणार नाही," म्हणत त्यांनी खुर्ची मावशीकडे वळवली. व्यायाम, गोळ्या, इंजेक्शनं घेऊन काही काळ निभेल, पण दुखत राहील. गुडघा बदलला तर चालणं सुधारेल, जिने चढता येतील. ऑपरेशनचा थोडा धोका असतोच. "पण मग पाटावर बसून धंदा करणं बंद."

"खाली बसाचा नाय?" मावशीने विचारलं. "कधीच नाय?"

"नाही."

जयेशने 'बघ, सांगितलेलं ना' अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. मला मावशीची कीव आली.

"मंग करा ऑपरेशन," मावशी म्हणाली.

मला वाटलं, तिला समजलंच नाही. बाईंनीही पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. धोका केवढा, बरं व्हायला वेळ किती, मावशीने भाव केल्यासारखं खोदून खोदून विचारलं. मग म्हणाली, "आयशीनं बसवली तवापासून मना तो पाट नको होता. वास नको, भांडनं नको. आता मना उभी राहू दे."

जे आयुष्य आम्ही एवढ्या कौतुकाने जगाला सांगत आलो, ते तिला कधी नकोच होतं. जयेश खुर्ची ओढून तिच्याकडे वळला.

"अगं आई, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"कुनी इचारलं तेच आज," मावशी म्हणाली, आणि बाईंकडे वळली. "तारीख कवाची देता?"