भाऊजींनी बांधलेलं खुराडं

माझे धाकटे दीर, म्हणजे तुझे धाकटे आजोबा, गवंडी होते. साधेसुधे गवंडी नव्हेत हं. कुणाकडे चहाला गेले तरी आधी भिंतीकडे बघायचे, मग माणसांकडे. खिशात ओळंबा कायम. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, भिंत सरळ आहे का ते बघायचं. एकदा आम्ही एका आजारी माणसाला भेटायला गेलो, तर हे त्याच्या उशाशी ओळंबा सोडून उभे. तो बिचारा पांढराफटक! त्याला वाटलं, शेवटचं माप घेतायत.

आणि एवढ्या मोठ्या कारागिराचं स्वतःचं घर कसं? मोरीला गिलावा नाही. मागच्या दाराची एक पायरी कायम उद्या बसणार. बायको बोलली की म्हणायचे, "घरचंच काम आहे गं, कुठं पळून जातंय?" खरंच नाही पळालं. बिचारं होतं तिथंच राहिलं.

त्यांची बायको म्हणजे माझी जाऊ. आमची दोन घरं, पण मागचं अंगण एकच. एका वर्षी ती आजारी पडली. बरी झाली, पण उठेचना. डॉक्टर म्हणाले, आजार गेला, आता हिला चालती ठेवा. चालती ठेवा म्हणजे काय, ती काय शिवणाचं मशीन आहे? पडून असायची दिवसभर, भिंतीकडे तोंड करून. मी जेवण नेलं की म्हणायची, "ठेवा जाऊबाई, नंतर खाते." नंतर म्हणजे कधी, ते त्या ताटालाच ठाऊक.

मग एक दिवस भाऊजींनी कुठून तरी पाच कोंबड्या आणल्या. हा माणूस जन्मात एकदा शहाण्यासारखा वागला, तेही लिही, नाहीतर म्हणशील आजी नुसती नावं ठेवते. अंगणात चार काठ्या रोवल्या, जुनी जाळी गुंडाळली, खाली आपली माती. झालं खुराडं. पहाटे त्या बयांनी जो कलकलाट केला, तो ऐकून जाऊ खाटेवरून उठली. कशाला? तर त्यांना शिव्या द्यायला! दुसऱ्या दिवशी शिव्या आणि दाणे. मग पाणी. मग अंडी शोधायला वाकायची, मग मला दाखवायला माझ्या दारापर्यंत यायची. पंधरवड्यात बाई अंगणभर फिरायला लागली. बोलायला लागली. नवऱ्याशी नाही म्हणा, कोंबड्यांशी. पण सुरुवात तर झाली!

एवढ्यावर थांबले असते तर ते भाऊजी कसले?

त्यांच्या जोडीचा एक गवंडी आला होता अवजार मागायला. त्याने अंगणात डोकावलं आणि नुसतं हसला. "दादा, हे तुमचं बांधकाम?" झालं! त्या दिवशी भाऊजी जेवले नाहीत नीट. दुसऱ्या दिवशी विटा आल्या, वाळू आली, सिमेंट आलं. मोरी राहिली, पायरी राहिली, आणि कोंबड्यांचा बंगला उभा राहायला लागला. कमरेएवढी भिंत, आतून-बाहेरून गिलावा. भिंतीचा माथा रुंद, सपाट. म्हणाले, "चहाचा कप ठेवला तरी हलणार नाही." आणि खाली कोबा. सिमेंटचा घोटून घोटून केलेला कोबा, असा गुळगुळीत की आपलं तोंड दिसावं. कोंबड्यांना कुठं जायचं होतं नटून, कोण जाणे.

जाऊ म्हणाली, "अहो, खाली थोडी माती राहू द्या."

"माती म्हणजे घाण," भाऊजी म्हणाले. "रोज पाणी मारलं की स्वच्छ. उतार काढलाय मी."

काठ्यांच्या खुराड्यातून महिनाभर एकही कोंबडी बाहेर गेली नव्हती. बंगल्यात राहायला आल्या आणि चौथ्या दिवशी पाचही जणी फरार.

गेल्या कुठं? शेजारी. आमच्या अंगणाला लागून लाँड्रीवालीचं अंगण. ती लॉजच्या चादरी धुवायची. मोठ्या चुलीवर भांडंभर पाणी तापवायची, तिथेच राखेचा ढीग, आणि समोर दोऱ्यांवर पांढऱ्याशुभ्र चादरी. आमच्या बाया राखेत लोळल्या आणि खाली वाळत घातलेल्या चादरींवरून चालत परत आल्या. पावलापावलाचा ठसा!

लाँड्रीवाली चादर घेऊनच आली. "गवंडीदादा, ही नक्षी तुमच्याकडची का?"

"कोंबडीची जात आहे ताई, उडणारच," भाऊजी म्हणाले. "भिंत वाढवतो."

भिंत दोन थर वाढली. कोंबड्या उडून त्या रुंद माथ्यावर बसायच्या, इकडेतिकडे बघायच्या, वाऱ्याचा अंदाज घ्यायच्या आणि पलीकडे उतरायच्या. चहाचा कप हलणार नाही म्हणाले होते ना, कोंबडी तर अजिबात हलत नव्हती. मग आणखी थर. मग भिंत उंच झाली, तिला आधार हवा म्हणून आतून कोपऱ्यात विटांचा टेकू दिला. खाली रुंद, वर अरुंद, टप्प्याटप्प्याने. आमच्या ह्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "वा! जिना झकास झाला."

भाऊजींनी कोंबड्यांचे पंख छाटले. एका बाजूचे, म्हणजे उडताना तोल जातो. जाऊच्या मांडीवर एकेक कोंबडी, आणि भाऊजींच्या हातात कात्री. काम अगदी बरोबर केलं, उडणं साफ बंद झालं. मग त्या जिन्याने चालत गेल्या.

हसू नकोस. मग वरून जाळी ठोकली, तर पाणी जायला ठेवलेल्या मोरीतून निघाल्या. उतार इतका अचूक की बाहेर घसरतच गेल्या असतील.

पण तिकडे लाँड्रीवालीला हसू येत नव्हतं. लॉजवाल्याने तिला सांगितलं होतं, आणखी एक चादर डागाळून आली तर काम दुसरीकडे. ती आली, आणि ह्या वेळी ओरडली नाही, तेव्हाच मला धस्स झालं.

"वहिनी," ती जाऊला म्हणाली, "तुम्ही उठून बसलात, मला बरं वाटतंय. पण माझ्या पोटावर पाय नका देऊ. रविवारी कोंबडीवाला येतो, त्याला देऊन टाका."

जाऊने नुसती मान हलवली, आत गेली आणि खाटेवर पडली. भिंतीकडे तोंड करून.

मी दुसऱ्या दिवशी ताट नेलं. "ठेवा जाऊबाई, नंतर खाते."

ते ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. भाऊजी बाहेर खुराड्याच्या मोरीला जाळी बसवत होते. म्हटलं, "भाऊजी, मोरी बुजवताय होय? बुजवा. आत बायको बुजतेय, तिला पण घाला एखादा थर."

"मग काय करू वहिनी? तुम्हीच सांगा. सगळं तर केलं!"

"तेच तर! सगळं तुम्हीच केलंत. त्या बयांना काय हवंय ते कुणी बघितलं?"

मी लाँड्रीवालीच्या अंगणात पाट टाकून बसले. तीही बसली शेजारी, हात पुसत. मोरी अजून अर्धी उघडीच होती, तिथून आमच्या पाच जणी आल्या. वाटेत शिळ्या भाकरीचे तुकडे पडले होते, ढुंकून बघितलं नाही. सरळ राखेत. पाय वर, पंख पसरले, राख अंगावर उडवतायत, डोळे मिटलेत. तासभर!

लाँड्रीवाली म्हणाली, "काकू, ह्या खायला येतच नाहीत की हो. ह्या नाहायला येतात."

आम्ही दोघी जाऊकडे गेलो. तिने तोंडही वळवलं नाही. म्हणाली, "अंगावरच्या उवा जायला माती लागते त्यांना, नाहीतर राख. मी म्हटलं होतं माती राहू द्या. माती म्हणजे घाण म्हणाले."

भाऊजी दारात उभे होते, हातात करणी, म्हणजे गिलाव्याची थापी. मग हळूच म्हणाले, "एक घमेलं राख ठेवतो ना आत."

ठेवलं. एकाच कोंबडीला जागा. बाकीच्या चौघी रांगेत थांबतील असं भाऊजींना वाटलं होतं. त्या गेल्या लाँड्रीत.

शनिवार उजाडला. सकाळी भाऊजी माझ्याकडे आले. "वहिनी, तुम्ही फोडाल का कोबा?"

"मी? मला करणी धरता येत नाही."

"करणी नको. घण आहे. आपलं काम आपल्या हाताने नाही फोडवत."

"मग झाकून ठेवा, आणि हिला विचारा तोंड का वळवलंय."

गेले बिचारे. घण घातला. कोबा हलेना! दुसरा घातला. तिसऱ्याला एक चीर. आणि खरं सांगते, प्रत्येक घावाला हा माणूस रडवेला होऊन म्हणत होता, "बघा, कसला पक्का बसलाय! असा कोबा ह्या गल्लीत कुणी करून दाखवावा!" मी म्हटलं, "कुणी करू नये म्हणूनच तर हा उपद्व्याप चाललाय."

आवाज ऐकून जाऊ खाटेवरून उठली. भिंतीचा आधार घेत दारात आली. बघत उभी राहिली. अर्धा कोबा निघाला तशी भाऊजी घाम पुसत थांबले. "एवढा बास?"

"अजून," जाऊ म्हणाली. आठवड्यात तिने नवऱ्याशी बोललेला पहिला शब्द.

दुपारपर्यंत दाराजवळची एक पट्टी तेवढी राहिली. ती मात्र भाऊजी फोडायला तयार होईनात. म्हणाले, "उभं राहायला लागेल." लाँड्रीवालीने दोन घमेली राख स्वतः डोक्यावरून आणून आत ओतली. म्हणाली, "दर आठवड्याला देईन. ह्यांचं नाहणं माझ्याकडून. पण माझ्या दारात पाय नको."

रविवारी कोंबडीवाला आला, सायकलला मोठी टोपली. त्याने आत डोकावलं. पाचही जणी उलट्यापालट्या, तंगड्या वर, डोळे मिटलेले.

"अहो, ह्या मेल्यात की काय?" तो म्हणाला. "मेलेल्या मी घेत नाही हं!"

जाऊ हसली. किती दिवसांनी! "मेल्या नाहीत, नाहतायत. आणि तुला द्यायच्याही नाहीत. तुझ्याकडे अंड्यावर आलेल्या आहेत का रे दोन? दाखव."

आणि ती त्याच्या मागे सायकलपर्यंत चालत गेली, आपली आपण, कुणाचा हात न धरता. टोपलीत हात घालून एकेक कोंबडी उलटीसुलटी बघत त्याच्याशी हुज्जत घालायला लागली.

भाऊजी खुराड्याच्या दारात उभे होते, उरलेल्या पट्टीवर. त्यांनी आधी बायकोकडे बघितलं. मग टोपलीतून निघणाऱ्या दोन कोंबड्यांकडे. मग पायाखाली.

मी घण उचलून त्यांच्या हातात दिला.