तळमजल्याच्या दोन खोल्या

माझा थोरला भाऊ सैन्यातून परतला तो डावा पाय गुडघ्याखाली सुरुंगाला देऊन. गल्ली त्याला फौजी म्हणते. फौजी राहतो तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, पायऱ्या चौपन्न. चढताना नकली पाय घासून कातडी सोलते, वर पोचला की वहिनी मलम लावते. अशात त्याच इमारतीतल्या तळमजल्याच्या दोन खोल्या विकायला निघाल्या आणि घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं.

कर्जाचं काम बघणाऱ्या बँकेतल्या बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "पेन्शन धरते मी. पण हप्ता आणि घरपट्टी दोन्ही त्यात बसत नाही. घरपट्टीमाफीचा कागद आणा, कर्ज झालंच समजा."

माफीला निम्म्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला लागतो. दादाच्या दाखल्याची मुदत संपलेली. पाय काय मधल्या काळात परत उगवला होता? पण नियम म्हणजे नियम. पुन्हा तपासणी आली.

मोठे डॉक्टर खोलीत शिरले आणि दादा ताडकन उठून सावधान उभा राहिला. वीस वर्षांची सवय! डॉक्टर "बसा, बसा" म्हणाले आणि लिहिलं, आधाराशिवाय उभा राहतो. टक्के आले चाळीस.

"उरलेल्या पायावरही धोंडा मारून घेतलात," वहिनी म्हणाली. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

फेरतपासणीची तारीख सहा महिन्यांनंतरची मिळाली. खोल्या विकणारा हातापाया पडल्यावर तेवढा थांबला. वहिनीने दादाला बसून राहायची तालीम द्यायला घेतली. मी डॉक्टर व्हायचे, दार ढकलून आत यायचे, की हा अर्धा उठलेलाच! सुंभ जळला तरी पीळ जाईना. नाकी नऊ आले, पण शेवटी जमलं.

त्या दिवशी डॉक्टर आले आणि दादा बसून राहिला. खुर्चीचे हात इतके आवळले होते की बोटं पांढरी पडली. एवढा ताठ माणूस, त्याला आम्ही हे शिकवलं. मला स्वतःचीच लाज वाटली.

डॉक्टरांनी न बघताच विचारलं, "आधाराशिवाय उभं राहता येतं?"

याची तालीम आम्ही घेतलीच नव्हती. आणि दादाला साहेबापुढे खोटं बोलता येत नाही.

"येतं, साहेब. जिना चढवत नाही."

"जिन्याचा रकाना नाही यात," डॉक्टर म्हणाले आणि पहिला शब्द तेवढा लिहून घेतला. टक्के चाळीसच राहिले.

घरी येताना दुसऱ्या मजल्यावर दादा पायरीवरच बसला. धाप लागली होती.

"चुकलं का गं माझं?" त्याने वहिनीला विचारलं.

"चुकलं," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली.

मलाही त्याला बरंच काही बोलायचं होतं. पण अजून एक मजला चढायचा होता.