बिनधन्याचा सिनेमा

आमच्या मामाला भाईंदरात कुणी चांगली बातमी सांगायला जात नसे. सांगायला गेलं की तो डोळे बारीक करून विचारी, "तुला कोनी सांगलं?" मेला, प्रसादाचा नारळसुद्धा कानाशी हलवून घ्यायचा! बापाची होडी सोडून त्याने सिनेमाचा तंबू काढला, पण स्वभाव काही सुटला नाही.

मिठागरांचा हंगाम सुरू झाला की तंबू उभा राही. मुंबईत बोलपट जुने झाले होते, तरी आमच्याकडे गर्दी देवादिकांच्या मूकपटांनाच. एकदा एका बुडालेल्या कंपनीतला नोकर अशाच एका चित्राचे डबे घेऊन आला. म्हणाला, मालक वारला, कंपनी गेली, आता यावर हक्क कुणाचाच नाही. बाकीच्या प्रती फिल्ममधली चांदी काढायला भट्टीत गेल्या, ही एकच उरलीय. मामाने डबे ठेवून घेतले, पण त्याचा एक शब्द खरा मानला नाही. "कंपनी बुडंल. हक्क कसा बुडंल?"

खाडीत परकं जाळं वाहून आलं, तर आमच्या कोळ्यांत त्याची गाठ सोडत नाहीत. धनी येईपर्यंत तसंच ठेवतात. मामाने डबेही तसेच ठेवले. मेणकापडात गुंडाळले, जाळ्याच्या सुताने करकचून बांधले, फटींत मेण ओतलं आणि माळ्यावर टाकले. शेजारच्या राई गावात तंबू ओस पडायला लागला तेव्हा मामी रडकुंडीला आली, एक खेळ लावा म्हणून. हा ऐकेल तर शपथ! धनी उभा राहिला तर सिनेमाचं मशीनही जाईल आणि अब्रूही, म्हणे.

मग मुंबईला खेटे सुरू झाले. वकील म्हणाला, हक्क वारसाकडे जातो, वारस शोधा. मामाला वकीलच फितूर वाटला. जुने भागीदार भेटले, प्रत्येकजण मीच मालक म्हणे आणि कागद मागितला की उठून जाई. यात उन्हाळे गेले, युद्धही सुरू झालं. शेवटी गिरगावात मालकाची विधवा सापडली. मामाने तिच्याकडेही पुरावा मागितला, नवऱ्याचा फोटो दाखवा म्हणाला.

"फोटो नाही हो घरात," ती म्हणाली. "त्या चित्रात मात्र ते आहेत. ऋषी झालेत. मला एकदा दाखवाल?"

ती भाईंदरला आली. मामाने तिच्यासमोर गाठ सोडली. झाकण उघडलं आणि असा आंबूस, नाक जाळणारा वास आला की आम्ही मागे सरलो. फिल्मचा चिकट गोळा झाला होता, कडेला तपकिरी भुकटी. कोंडून ठेवलेली फिल्म सडते, हे आम्हाला कुठे ठाऊक! मामी तोंडाला पदर लावून आत गेली.

मामाने सोडलेलं सूत गोळा केलं. मग म्हणाला, "बाय, तुझ्यासाठीच बांधून ठेवला व्हता. एकदापन लावला न्हाय."

माझ्या मामाने असलं बोलणं दुसऱ्या कुणाचं खरं मानलं नसतं. त्या बाईने डब्यावर हात ठेवला आणि ती म्हणाली, "माझा विश्वास आहे तुमच्यावर."